तेहेतीस अनारसे: अधिक श्रावणातल्या नोंदी

२० जुलै २०२३, गुरुवार

परवा, १८ तारखेला, अधिक श्रावण लागला. लेकीचं लग्न गेल्या डिसेंबरात झालं, म्हणजे जावईबापूंचा हा पहिलाच धोंड्याचा महिना. आमच्याकडे लेक-जावयाला जेवायला बोलावून वाण देतात. ताम्हनात तेहेतीस अनारसे रचायचे आणि वर तुपाचं निरांजन ठेवायचं. वाण जाळीदार हवं, म्हणून काही घरी बत्तासे देतात, काही घरी म्हैसूरपाक. आईने मात्र अनारशांवाचून कधी वाण दिलं नाही.

आज जेवताना ठरलं की धोंडे आणि बाकीचा स्वयंपाक ही करेल, अनारसे मी. बाजारात अनारशाचं तयार पीठ मिळतं आणि ते चांगलंही असतं. पण मला तांदळापासून सुरुवात करायची आहे. तीस वर्षं कारखान्यात तपासणीचं काम केलं, वजनं आणि मापं लिहिण्यात आयुष्य गेलं, आणि आपल्याच घरच्या एका पदार्थाचं माप आपल्याला ठाऊक नाही, हे मला बरेच दिवस खुपतंय.

आईची वही काढली. अनारशांना तिने चार ओळी दिल्या आहेत.

तांदूळ तीन दिवस भिजत घालणे.
रोज पाणी बदलणे.
सावलीत सुकवून कुटणे, वस्त्रगाळ करणे.
गूळ बेताने.

तळण्याबद्दल एक अक्षर नाही. ते सगळ्यांना येतंच, असं तिने धरलं असणार. 'गूळ बेताने' म्हणजे किती ग्रॅम, हे शोधायचं आहे. म्हणून या नोंदी.

पंचांग चाळताना दिसलं की २००४ सालीही अधिक श्रावणच होता आणि तोही १८ जुलैलाच लागला होता. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. ती तूट भरायला साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालावा लागतो, आणि १९ वर्षांनी तिथी आणि तारखा पुन्हा जवळजवळ जुळतात. त्या वर्षी आईने साताऱ्याच्या घरी भाऊजींसाठी तेहेतीस अनारसे केले होते, असाच पाऊस बाहेर कोसळत असताना. ते मला आठवतात. कसे केले, ते मात्र मी पाहिलं नाही. मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो.

२२ जुलै, शनिवार

तांदूळ आणला. ताईने फोनवर बजावलं होतं, जुना हवा, जाडा हवा, नवा चिकट तांदूळ अजिबात नको. वाण्याकडे गेल्या वर्षीचा जाडा कोलम मिळाला. गूळ साधा, मऊ, पिवळसर घेतला. चिक्कीचा गूळ घ्यायचा नाही, त्याने अनारसा कडक होतो.

७५० ग्रॅम तांदूळ तीन पाण्यांनी धुतला आणि सकाळी ८ वाजता भिजत घातला. पाणी तांदळाच्या वर चार बोटं.

२३ जुलै, रविवार

पाणी बदललं. वास नाही. पाणी दुधाळ.

२४ जुलै, सोमवार

सकाळी झाकण काढलं तर किंचित आंबूस वास आणि पाण्यावर बारीक बुडबुडे. ताई म्हणाली, घाबरू नकोस, आंबायलाच ठेवलाय तो. पण पावसाळ्यात दोनदा पाणी बदल, नाहीतर वास पिठात उतरतो आणि मग गुळानेही झाकला जात नाही. संध्याकाळी पुन्हा बदललं. दाणा बोटांत धरून दाबला की अजून मधे कणी लागते.

२५ जुलै, मंगळवार

आज दाणा दोन बोटांत चुरडला की पांढरी भुकटी होते. रोवळीत उपसून अर्धा तास निथळू दिला. वजन १,०२० ग्रॅम. म्हणजे तांदळाने आत आणि अंगावर मिळून २७० ग्रॅम पाणी घेतलं.

खरी अडचण इथून पुढे होती. दिवाळीच्या दिवसांत सावलीत पसरलेला तांदूळ तासा-दीड तासात हवा तसा होतो. आज दिवसभर झड लागलेली. सुती पंच्यावर पसरला, पंखा लावला, तासाभराने पंचा ओला चिंब आणि तांदूळ होता तसाच. पंचा बदलला. दुसऱ्या तासानंतर पुन्हा बदलला. साडेतीन तासांनी वजन ९४५ ग्रॅमवर आलं. तोवर दाणे एकमेकांना चिकटेनासे झाले होते, पण हातात घेतले की गार लागत होते.

हे गार लागणं महत्त्वाचं. तांदूळ कडक वाळवायचा नसतो. अंगावरचं पाणी जायला हवं आणि आतलं राहायला हवं, कारण पुढे गूळ त्याच ओलीवर विरघळतो. पीठ मळताना आपण वरून पाणी घालतच नाही.

मिक्सरमध्ये थोडा थोडा दळला. एकदा भांडं जास्त भरलं तर पीठ पात्याखाली घट्ट बसलं, खरवडून काढावं लागलं. मुठीमुठीने घातला की नीट फिरतो. मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळलं. पीठ ८६० ग्रॅम निघालं, वर राहिलेला रवा ५० ग्रॅम. तो हिने उद्याच्या घावनांसाठी नेला.

पिठाचे २५० ग्रॅमचे तीन भाग केले.

अ: गूळ २५० ग्रॅम, पिठाइतकाच.
ब: गूळ २०० ग्रॅम, शंभराला ८०.
क: गूळ १६० ग्रॅम, शंभराला ६४.

प्रत्येकात एक चमचा साजूक तूप. गूळ किसून पिठात चोळला आणि गोळा होईपर्यंत मळला. तिन्ही गोळे वेगवेगळ्या स्टीलच्या डब्यांत ठेवून चिठ्ठ्या लावल्या. उरलेलं ११० ग्रॅम पीठ पंख्याखाली वाळवत ठेवलं आहे. कोरडं पीठ हाताशी राखून ठेव, उपयोगी पडतं, एवढंच ताईने सांगितलंय.

२७ जुलै, गुरुवार

डबे उघडून पाहिले. परवा तिन्ही गोळे सारखे घट्ट होते, आज तीन वेगळे पदार्थ वाटतात. 'अ' डब्याच्या तळाशी पसरला आहे, बोट लावलं तर बोटाला येतो. 'ब' मऊ, पुरणासारखा. 'क' अजून घट्ट. गूळ पिठातली ओल ओढून घेतो आणि स्वतः पातळ होत सगळीकडे शिरतो. पीठ मुरतं म्हणतात ते हेच. शिवाय पावसाळ्यात गूळच मुळात पाझरलेला असतो. वाण्याकडची ढेप खालून ओली होती, ते मी पाहिलं होतं. तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं.

३० जुलै, रविवार

पाच दिवस पुरे झाले. ताई व्हिडिओ कॉलवर, फोन डब्याला टेकवून ओट्यावर ठेवला. तळमजल्यावरचा मित्र त्याचा थर्मामीटर घेऊन आला. टाळेबंदीपासून तो घरी पाव भाजतो, त्यामुळे अशी साधनं त्याच्याकडे असतात.

छोट्या कढईत साजूक तूप. २५ ग्रॅमचा गोळा, प्लास्टिकच्या कागदावर खसखस पसरून त्यावर बोटांनी थापला. खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडला.

'अ'चा पहिला अनारसा तुपात पडला, कडेने फेसाळला आणि बघता बघता पसरत गेला. मधे भोक पडलं, भोकाला चिरा गेल्या, आणि अर्ध्या मिनिटात कढईभर तपकिरी चुरा तरंगत होता. ताई फोनमधून म्हणाली, "हसला."

हा शब्द मी लहानपणी स्वयंपाकघरातून ऐकत आलो. आज पहिल्यांदा पाहिला. अनारसा खरोखर तोंड उघडून हसल्यासारखा फाकतो. 'अ'चे चारही हसले. गुळाचा पाक झाला, त्याला धरून ठेवायला पीठ पुरं पडलं नाही. पाचवा केला नाही.

'ब'वर सर्वांत जास्त वेळ गेला. पहिले तीन हसले, पण 'अ'सारखे विरघळले नाहीत, कडेने तुटले. मित्राने थर्मामीटर बुडवला तर १३५ अंश. आच वाढवून १५५ वर नेलं आणि चौथा सोडला. तो तळाशी बसला, लगेच वर आला, पसरला आणि थांबला. झाऱ्याने त्याच्यावर तूप उडवत राहिलो. वाफेचे बुडबुडे खालून वर येऊन खसखशीच्या मधून फुटत गेले आणि प्रत्येक बुडबुड्याच्या जागी एक भोक राहिलं. जाळी! ताईने साताऱ्यात टाळ्या वाजवल्या.

पण उचलताना तो झाऱ्यावरच मोडला. फार नाजूक. राखलेल्या कोरड्या पिठातलं २० ग्रॅम 'ब'मध्ये मळलं, त्यानंतरचे अकरा नीट उतरले. एकदा तूप १७५ पर्यंत गेलं तेव्हा खालची बाजू करपली आणि वरची कच्ची राहिली. अनारसा उलटायचा नसतो, तेव्हा वरची बाजू झाऱ्याच्या तुपावरच शिजायला हवी, आणि त्यासाठी वेळ द्यावा लागतो.

'क'ला जाळीच पडली नाही. गोल, नीटस, आणि दाताखाली कडक. ताईने सांगितलं, पिकलेलं केळं कुस्कर, दोन चमचे घाल. घातलं. पुढच्या नऊंना बारीक जाळी आली, पण केळ्याचा वास राहिला. मला तो आवडला नाही. मित्राला आवडला.

आजचा निष्कर्ष: बेत ६४ आणि ८० च्या मधे कुठेतरी आहे. तूप १५० ते १६०.

३१ जुलै, सोमवार

हसलेले वाया गेले नाहीत. चुरा चाळणीत निथळून हिने गरम दुधात घातला, वर वेलची. रात्री आम्ही दोघांनी वाटीवाटी खाल्ला. लहानपणी दिवाळीच्या आदल्या दिवसांत असं दूध हमखास मिळायचं. ते कशामुळे मिळायचं, हे काल कळलं.

१ ऑगस्ट, मंगळवार

दुसरा तांदूळ भिजत घातला, १ किलो, सकाळी ८ वाजता. हा खऱ्या वाणाचा. मी शंभराला ७२ गूळ घ्यायचं म्हणत होतो, पण ताई परवा एसटीने येते आहे आणि तिने सांगितलं, मी येईपर्यंत गुळाला हात लावू नकोस.

३ ऑगस्ट, गुरुवार

ताई आली. पिशवीत गुळाची ढेप, घरचं तूप आणि आईचं एक जुनं मऊ धोतर. म्हणजे वडिलांचं धोतर, आई त्यावर तांदूळ पसरायची. २००४ च्या पावसात तिने तांदूळ कसा सुकवला, ते ताईने सांगितलं. माजघरात, दारं लावून, धोतराच्या चार घड्यांवर पसरायचा आणि वरून दुसरं कोरडं धोतर टाकून हाताने दाबायचं. पाणी वरूनही टिपलं जातं. मी फक्त खालून टिपत होतो आणि पंख्याने ओलीच हवा फिरवत होतो.

४ ऑगस्ट, शुक्रवार

आजची नोंद सविस्तर लिहितो.

तांदूळ निथळल्यावर १,३५२ ग्रॅम. ताईच्या पद्धतीने धोतरात दाबून पसरला. दर पंधरा मिनिटांनी ती मूठभर उचलून दाबायची आणि सोडायची. दाणे हाताला चिकटून राहिले की "नाही अजून". दीड तासाने मूठ उघडली तर सगळे दाणे खाली पडले, तळहातावर फक्त गारवा आणि थोडी पांढरी पूड. "हं, आता." लगेच वजन केलं, १,२५८. मला त्या दिवशी साडेतीन तास लागले होते.

पीठ १,१९० ग्रॅम झालं. ४० ग्रॅम वाळवायला बाजूला ठेवलं, १,१५० परातीत घेतलं.

गुळासाठी मी एक युक्ती केली. ताईला आकडा सांगितलाच नाही. १ किलो गूळ किसून दुसऱ्या परातीत तिच्या डाव्या हाताशी ठेवला आणि म्हटलं, तुला वाटेल तेवढा घे. तिने पहिल्यांदा भराभर सात-आठ मुठी घातल्या आणि चोळलं. मग दोन मुठी. मग तळहाताने दाबून पाहिलं आणि एक मूठ. मग चिमूटभर पीठ उचलून अंगठ्याने दाबलं, त्याला कडेला चीर गेली, म्हणून अर्धी मूठ आणखी. पुन्हा दाबलं. या वेळी चीर गेली नाही, पण पीठ अंगठ्यालाही चिकटलं नाही. तिथे ती थांबली.

"बास?"

"बास. पावसात एवढाच. दिवाळीत अजून मूठभर लागला असता."

उरलेला गूळ तोलला, १६२ ग्रॅम. म्हणजे तिने ८३८ घेतला. शंभर पिठाला ७२.९.

मी तो आकडा तिला दाखवला. मी ७२ म्हणत होतो हेही सांगितलं. तिला आनंद झाला, पण तिचं लक्ष आकड्यात नव्हतं. ती म्हणाली, आई अंगठ्याऐवजी करंगळीने दाबायची.

'दिवाळीत मूठभर जास्त' हे मला रात्रभर पुरलं. ताईची मूठ सरासरी ७५ ग्रॅमची, म्हणजे दिवाळीचा बेत याच पिठाला ७९ च्या आसपास जातो. पावसाळ्यात तांदळात ओल जास्त, गुळात ओल जास्त, म्हणून गूळ कमी. कोरड्या हवेत उलट. आईने वहीत आकडा लिहिला नाही तो यामुळेच, असं मला वाटतं. एकच आकडा लिहिला असता तर तो एका ऋतूत खरा ठरला असता आणि दुसऱ्या ऋतूत अनारसे हसले असते. मी इतकी वर्षं 'बेताने' म्हणजे मोघम असं समजत होतो. ती सूचनाच होती, हात लावून बघ म्हणून.

६ ऑगस्ट, रविवार

पीठ मुरतं आहे. डबा उघडला नाही.

९ ऑगस्ट, बुधवार

चाचणीचा घाणा. २८ ग्रॅमचे सहा गोळे, तूप १५५. चार उत्तम, एक थोडा जाड, एक उचलताना कडेने मोडला. कोरडं पीठ घालायची गरज पडली नाही.

मित्राच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं की अनारसा भाजता येईल का. त्याचे वडील मधुमेहाबरोबर आता तळलेलंही टाळतात, गोडाचा एखादा तुकडा चालतो. चार गोळे थापून त्याच्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर १४ मिनिटं ठेवले. पसरून पातळ चकत्या झाल्या, वर चिरा, कडा गडद, जाळी नाही. खरपूस, गुळाच्या बिस्किटासारखे लागतात, पण अनारसा नव्हे. तुपात पडल्या क्षणी सगळीकडून एकदम उष्णता लागते, वाफ होते आणि पीठ लगेच आकार धरतं. ओव्हनच्या हवेत तेवढा जोर नाही, गूळ आधी वितळून वाहतो आणि पीठ मागून घट्ट होतं. आम्हा दोघांचा हा अंदाज आहे.

मग त्यानेच उरलेल्या गोळ्यात थोडी कणीक, थोडं तूप आणि चिमूटभर खाण्याचा सोडा मळून नानकटाईसारखे गोळे भाजले. ते छान झाले. वडिलांनी एक खाल्ला, बाकीचे इमारतीतल्या मुलांनी.

त्यावरून ताईने बेकरीची आठवण काढली. दिवाळीआधी आम्ही दोघं मैदा, पिठीसाखर आणि डालडाचा डबा घेऊन बेकरीत जायचो. घरी ओव्हन कुणाकडेच नव्हता. बेकरीवाला आपलं सामान आपल्यासमोर मळून पत्र्यावर नानकटाया मांडायचा, आणि पत्रा भट्टीत गेला की बाहेर बाकावर बसून राहायचं. आपला पत्रा कोणता हे ओळखायला आई नानकटाईवर चारोळी लावायला सांगायची. गरम डबा मांडीवर घेऊन परत यायचो, झाकण उघडायचं नाही अशी ताकीद असायची. मला बाक आणि भट्टीचा वास आठवत होता. चारोळी ताईने सांगितल्यावर आठवली.

१२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी ८ ला कढई चढली. ताई थापत होती, मी तळत होतो. ही चाळणीत अनारसे उभे लावत होती, आडवे ठेवले तर तूप आतच राहतं आणि ते मऊ पडतात.

पहिले वीस एकामागून एक उतरले. प्रत्येकाला दीड-पावणेदोन मिनिटं, एका वेळी एकच. मग तूप कमी झालं म्हणून वरून गार तूप घातलं आणि थांबायचा धीर धरला नाही. तापमान १३८ पर्यंत उतरलं. लागोपाठ सहा हसले. ताई थापायची थांबली आणि काही न बोलता नुसती बसून राहिली. १५५ येईपर्यंत मीही थांबलो. नंतर एकही हसला नाही. शेवटच्या दहांच्या वेळी मी थर्मामीटर पाहिला नाही. थापताना गळून पडलेली खसखस तुपात टाकली की ती किती वेळात फुलते, त्यावरून कळायला लागलं होतं.

एकूण साठ थापले. सहा हसले, तीन मोडले, एक्कावन्न चांगले. त्यातले तेहेतीस निवडायचं काम हिने केलं. खिडकीसमोर एकेक धरून ज्याच्या जाळीतून उजेड दिसेल तो ताम्हनात. ताम्हनाला स्वच्छ पंचा बांधून देवघरात ठेवलं आहे.

१३ ऑगस्ट, रविवार

लेक-जावई ११ वाजता ठाण्याहून आले. हिने पुरणाचे धोंडे केले होते, कणकेच्या पारीत पुरण भरून वाफवलेले, वर तूप. जावईबापूंनी पाच खाल्ले.

जेवणाआधी वाण दिलं. त्यांना पाटावर बसवलं, हिने ओवाळलं, मी ताम्हन हातात दिलं. लेकीला मी अनारसे करतोय हे माहीत होतं, पण आत्या येऊन राहिली आहे हे तिला सांगितलं नव्हतं. ती ताम्हनाकडे पाहत होती, तेवढ्यात ताई आतून आली आणि दोघींचे डोळे भरले. माझेही.

जावईबापूंनी एक अनारसा उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारलं, "बाबा, ही भोकं पाडता कशी?" मी सांगायला लागलो ते तांदळापासून. त्यांनी मधे थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, आम्हाला शिकवा. लेकीने वहीच्या पानाचा फोटो घेतला, या नोंदींचाही घेतला.

उरलेले अठरा: सहा मित्राकडे, सहा ताईबरोबर भाऊजींना, बाकीचे आज संपले.

१४ ऑगस्ट, सोमवार

ताई सकाळच्या गाडीने गेली. धोतर माझ्याकडे ठेवून गेली.

आईच्या वहीत तिच्या ओळींखाली लिहायला पेन घेतलं, पण तिच्या पानावर लिहावंसं वाटलं नाही. समोरचं पान कोरं होतं, तिथे लिहिलं:

अधिक श्रावण २०२३. निथळून सुकवलेल्या १०० ग्रॅम पिठाला ७३ ग्रॅम मऊ गूळ. पीठ पाच ते आठ दिवस मुरवणे. तूप १५५ अंश. गार तूप वरून घातल्यास थांबणे. थोडं कोरडं पीठ राखणे. अंगठ्याने दाबून पाहणे: चीर गेल्यास गूळ कमी, चिकटल्यास जास्त.

पुढचा अधिक महिना २०२६ साली, अधिक ज्येष्ठ, १७ मेपासून. पुण्याचा मे. तांदूळ बहुधा तासाच्या आतच सुकेल, लक्ष ठेवावं लागेल. तो आकडा तेव्हा लिहीन, म्हणून अर्धं पान सोडलं आहे.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

धनत्रयोदशी. दुपारी लेकीचा फोन. तिने आणि जावईबापूंनी मिळून ठाण्याला पीठ केलं होतं, आजचा पहिला घाणा. "बाबा, हसत नाहीयेत, पण जाळीच पडत नाहीये. कडक होताहेत."

गूळ किती घेतला विचारलं. तिने माझ्याच पानावरून घेतला होता, ५८० पिठाला ४२३, म्हणजे बरोबर ७३. गूळ कसा होता? कोरडा, किसताना भुगा होत होता. तांदूळ किती वेळ सुकवला? दीड तास, पंख्याखाली, आणि हाताला गार लागत नव्हता.

मी तिला गोळा अंगठ्याने दाबून पाहायला सांगितलं. फोन जावईबापूंनी धरला. ती म्हणाली, चीर गेली. मग केळं कुस्करून दोन चमचे घालायला सांगितलं, आणि अर्धा तास झाकून ठेवायला.

संध्याकाळी फोटो आला. चाळणीत उभे लावलेले चौदा अनारसे, कडेला थोडे जाड, मधे जाळी. आकडे उतरवून घेतले आहेत. पुढच्या वेळी ७७ पासून सुरुवात कर आणि तांदूळ गार असतानाच उचल, असं तिला कळवलं. ताईलाही फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "खसखस कमी पडली."